हायस्कूलचा हीरकमहोत्सव आलाय, शाळेचा इतिहास कुठून आणू?

कोपरखैरणेकर:
नमस्कार मंडळी. गाव जावळी तालुक्यात, कोयनेच्या पाण्याच्या कडेला. सध्या मुक्काम नवी मुंबईत, कोपरखैरणे. गावच्या हायस्कूलचा हीरकमहोत्सव तोंडावर आलाय. गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाच्या मीटिंगमध्ये स्मरणिका काढायचं ठरलं आणि "तू बी.ए. झालायस ना" म्हणून 'शाळेचा इतिहास' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका काढून बघितली, तर इतिहास दीड पान आणि त्यातलं एक पान मान्यवरांच्या नावांचं. बाकी शुभेच्छांच्या जाहिराती. शाळेत विचारलं तर म्हणाले, जुन्या फाईली वाळवीनं खाल्ल्या. शिक्षक बदल्या होऊन गेले ते गेलेच. असं काम कुणी केलंय का? सुरुवात कुठून करू?

पाटणचा पाव्हणा:
सोपं आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेचा इतिहास कर्मवीर भाऊराव पाटलांपासून सुरू होतो. ४ ऑक्टोबर १९१९, काले, रयत शिक्षण संस्था. तिथून धागा धरा आणि तुमच्या गावापर्यंत आणा. कर्मवीरांवर छापील साहित्य भरपूर आहे. तीन पानं सहज होतील.

हेडक्लार्क (निवृत्त):
पाव्हण्यांशी माझं भांडण नाही. साताऱ्याचं शाहू बोर्डिंग, १९२७ साली गांधीजींनी तिथं दिलेली भेट, पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दिलेले दागिने, १९४० चं सयाजीराव हायस्कूल, कमवा आणि शिका, हे सगळं खरं आहे. डोंगरातली हायस्कुलं त्या वाऱ्यावरच उभी राहिली, मग पाटीवर संस्था कुठलीही असो. पण हे चार परिच्छेद जिल्ह्यातल्या प्रत्येक स्मरणिकेत असतात. तुमच्या शाळेचं नाव खोडून शेजारच्या शाळेचं घातलं तरी चालेल, असा इतिहास कशाला लिहायचा?

मी डोंगरभागातल्या हायस्कूलात ज्युनिअर क्लार्क म्हणून लागलो आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडलो. त्यामुळे माझं सांगणं वर्गातलं नाही, ऑफिसच्या कपाटातलं आहे. फाईली वाळवीनं खाल्ल्या असतील, मान्य. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक पोराच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, खाल्लेलं नसणार. ते कायमचं दप्तर. त्याच्याशिवाय शाळेला एकही दाखला देता येत नाही, म्हणून ते लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात कापडात बांधून ठेवतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा १९६७ च्या आधीची पानं तुमच्या शाळेनंही उलटली असतील. म्हणजे ते सापडतं, हे पक्कं.

ते घेऊन बसा आणि दोन रकाने वाचा. बाकीचे नंतर.

पहिला, जन्मठिकाण. पहिल्या काही वर्षांच्या पोरांपुढं 'जि. उत्तर सातारा' दिसेल. दचकू नका, १९४९ ते १९६० आपल्या जिल्ह्याचं नाव तेच होतं आणि दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली. मग गावांची नावं बघा. त्यातल्या किती गावांची शेतं, देवळं, पाणवठे आज कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी आहेत ते जाणत्या माणसाला शेजारी बसवून विचारा. काही गावं तेच नाव घेऊन वरच्या अंगाला सरकली. काही कोलाबा (आजचा रायगड), ठाणे, रत्नागिरी जिल्ह्यांत गेली. निम्मं गाव इथं आणि निम्मं तिकडं, असंही झालं. धरणानंतर जी माणसं डोंगरावर उरली त्यांनी हायस्कूल मागितलं, कारण खालचा रस्ता पाण्यात गेला आणि मेढ्याला पोरं चालत पाठवायची म्हणजे दिवस मोडायचा. तुमची शाळा निघाली ती याच्यामुळं. उद्घाटनाला कोण पुढारी आला होता, याला त्यामानानं फार किंमत देऊ नका.

दुसरा रकाना, शाळा सोडण्याचं कारण. इथं वेळ द्या. 'मुंबईस गेला.' 'घरची अडचण.' 'सतत गैरहजर.' मुलींच्या ओळीत 'लग्न झाले'. आठवी-नववीतून 'मुंबईस गेला' म्हणजे चुलत्याबरोबर गोदीत, बाजारात नाहीतर गिरणीत. आपल्या भागाची अर्धी कमाई डोक्यावर ओझं वाहून आलेली आहे. माथाडी कायदा १९६९ चा, आणि तो ज्यांच्या लढ्यामुळं झाला ते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. कायदा झाल्यावर हातात ठरलेला पगार यायला लागला, आणि मग मुंबई मंडळांच्या पावतीपुस्तकांत शाळेसाठी रकमा दिसायला लागल्या. माझ्या शाळेच्या दोन खोल्यांचे पत्रे आणि वासे असेच आलेले, लाँचमधून. उतरवून घ्यायला सगळी नववी-दहावी. त्या दिवशी तास झाले नाहीत आणि कुणी तक्रारही केली नाही. तुमच्या मंडळाची जुनी पावतीपुस्तकं कुणाच्या तरी खोलीत पोटमाळ्यावर असतील. शाळेत शोधण्याआधी तिथं शोधा. ज्यानं आठवीत शाळा सोडली त्याचंच नाव वीस वर्षांनी पावतीवर भेटेल. अशी दोन-चार जरी जुळली तरी तुमचं प्रकरण उभं राहील.

उलटा प्रवाहही आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्या जूनमध्ये आमच्याकडे परळ-लालबागच्या शाळांचे दाखले घेऊन पोरं आली. गवत कापायची सवय नाही, पायात जळवा लागल्या की रडायची, पण गॅदरिंगला स्टेजवर उभं राहायला एक घाबरायचं नाही. आमच्या गॅदरिंगमध्ये नाटक सुरू झालं ते त्यांच्यामुळं. एरवी आमची पोरं लेझीम आणि एखादं समूहगीत एवढ्यावर भागवायची.

आणि कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या पुढं. सोमवार होता, म्हणजे शाळेचा दिवस. त्या महिन्याचा हजेरीपट मिळाला तर तो आहे तसा छापा, वर एक शब्द लिहू नका.

(रजिस्टरात नसलेली एक गंमत: प्राथमिकला अतिवृष्टीमुळं पावसाळी सुट्टी असायची, त्या शाळा उन्हाळ्यात भरायच्या. आमच्या हायस्कूलला ती सवलत नव्हती. धाकटी चुलीपाशी, थोरली इरलं घेऊन रस्त्यात. ओली कापडं वाळवायला शिपाईमामा मागच्या पडवीत शेगडी पेटवायचे. त्या धुराचा वास माझ्या कॅशबुकाला होता.)

तापोळ्याची लेक:
हेडक्लार्क काका, छान लिहिलंत. पण रजिस्टरात आमची खानावळवाली काकू कुठं सापडणार? लांबच्या वाड्यांवरच्या आम्ही मुली आठवड्याचं पीठ-तांदूळ घेऊन सोमवारी यायचो, तिच्या माजघरात राहायचो आणि शनिवारी परत. बाहेरगावचे सर जेवायला तिथंच. मुक्कामी एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टरही रात्री तिच्याकडंच भाकरी खायचे आणि शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायचे. कुणा मुलीचं लग्न ठरतंय अशी कुणकुण लागली की सरांना पहिली बातमी तीच द्यायची. मग हेडसर त्या घरी चहाला! माझ्या वेळी दोघींची लग्नं अशी मार्चची परीक्षा होईपर्यंत थांबली. नव्वदच्या दशकात मुलींना एसटीचा पास फुकट झाला, तेव्हा रस्त्याकडच्या गावांतल्या मुली वाढल्या. पाण्यापलीकडच्यांना त्याचा काय उपयोग? तिकडं लाँच. आणि दहावीचं केंद्र लांब, म्हणून सर आम्हाला घेऊन तिथंच मुक्कामाला. भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री पिठलं सरांनी स्वतः केलं होतं. करपलं होतं, तेही लिहा.

पाटणचा पाव्हणा:
पटलं. पण मग आजची शाळाही येऊ द्या. १९८५ ला कोयना अभयारण्य झालं, २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गाभ्यातल्या गावांचं पुनर्वसन झालं, उरलेल्यांतली तरणी माणसं नवी मुंबईत. पट टिकवायला शिक्षक मे महिन्यात दारोदार फिरतात. हीरकमहोत्सवात हे कुणी बोलणार नाही.

कोपरखैरणेकर:
सगळ्यांचे आभार. पावतीपुस्तकांचं आजच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. घणसोलीच्या एका आजोबांकडं गाठोडं आहे म्हणे, रविवारी जातो. काका, एक विचारतो. रजिस्टरची पानं मोबाईलवर काढून स्मरणिकेत छापली तर चालेल का?

हेडक्लार्क (निवृत्त):
पानं छापायची नाहीत. आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, कशासाठी पाहिजे ते स्पष्ट लिहा आणि रजिस्टर ऑफिसातच बसून बघा, बाहेर न्यायला मागू नका. त्यात जात, जन्मतारीख, वर्तणुकीचा शेरा सगळं असतं. कुणाच्या बापाचा 'सतत गैरहजर' गावजेवणात वाचला जायला नको. आकडे काढा: कुठल्या वर्षी कुठल्या गावचे किती, कुठल्या इयत्तेतून किती गेले, मुली किती. नाव छापायचं तर त्या माणसाला नाहीतर त्याच्या घरच्यांना विचारून. हजेरीपटाचं मी छापा म्हणालो, त्यातलीही नावं झाकून.

जून-जुलैमध्ये जाऊ नका. दाखल्यांची गर्दी असते, क्लार्क तुम्हाला उभं करणार नाही. दिवाळीनंतर जा. जाताना जुनी अक्षरं वाचणारा एखादा म्हातारा बरोबर घ्या. आमच्या वेळच्या काही क्लार्कांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागायचं नाही.