मदत हवी आहे: डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर धोका जास्त का? प्रतिकारशक्ती तयार झालेली असते ना?

मुक्ता_नाशिक
नमस्कार मंडळी. नवऱ्याला (वय ३८) परवापासून ताप आहे, १०३ पर्यंत जातोय. डोळ्यांच्या मागे ठणकतंय, कंबर धरलीय, अन्नाचा वास नको झालाय. आज तिसरा दिवस. सकाळी रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट हातात आला: डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. प्लेटलेट १ लाख ४२ हजार, हिमॅटोक्रिट ४१.

डॉक्टरांनी कागद बघून एवढंच विचारलं, "याआधी कधी झाला होता का?" झाला होता, २०१९ च्या पावसाळ्यात, आम्ही पुण्यात असताना. तर म्हणाले, "मग जरा जास्त लक्ष ठेवा, रोज सीबीसी करा." बाहेर ही गर्दी, पुढे काही विचारायची सोयच नव्हती.

सासूबाई म्हणतायत, एकदा होऊन गेलाय ना, मग यावेळी हलक्यावर जाईल. मलाही शाळेत हेच शिकवलंय की एकदा आजार झाला की शरीर तो लक्षात ठेवतं. मग डॉक्टर उलटं का सांगतायत? आणि लक्ष ठेवा म्हणजे नेमकं कशावर? कुणी नीट समजावून सांगेल का? नेटवर शोधायला गेले तर वाचून धीरच सुटला.

राघूमैना
सविस्तर लिहिणारे येतीलच, तोवर एक. ताप उतरत नाही म्हणून घरात पडलेली कुठलीही अंगदुखीची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन काहीच नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. पाणी, ताक, पेज, ओआरएस चालू ठेवा. काळजी घ्या.

जंतूमास्तर
मुक्ताताई, मी डॉक्टर नाही, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. उपचार तुमच्या डॉक्टरांचे, मी फक्त 'का' सांगतो. जरा लांबेल.

तुमच्या सासूबाई चुकीचं बोलत नाहीयेत, फक्त आजार वेगळा आहे. गोवराला त्यांचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. ७,८०० च्या आसपास वस्ती, त्यातले सहा हजारांवर आजारी पडले. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तपासायला गेला, तर त्याला दिसलं की म्हातारी माणसं ठणठणीत आहेत. त्यांना १७८१ च्या साथीत, लहानपणी, गोवर येऊन गेला होता. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता, तरी शरीर विसरलं नव्हतं.

आता डेंग्यू. डेंग्यूचा विषाणू एक नाही, चार आहेत. डेन-१ ते डेन-४ म्हणतात. दिसायला बरेच सारखे, पण प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटिबॉडींच्या दृष्टीने वेगळे. २०१९ मध्ये ज्या प्रकाराने गाठलं, त्याच्यापासून तुमच्या यजमानांना बहुधा जन्मभराचं संरक्षण आहे. उरलेल्या तिघांपासून मात्र जेमतेम काही महिन्यांचं. हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं. हो, पोलिओच्या थेंबांचे तेच सेबिन.

म्हणजे तुमच्या रिपोर्टाचा अर्थ असा. एनएस१ हे विषाणूचं स्वतःचं प्रथिन, ते सापडलं म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे. आयजीएम आणि आयजीजी हे प्रतिपिंडांचेच दोन प्रकार. पहिल्यांदाच डेंग्यू झाला असता तर तिसऱ्या दिवशी आयजीजी दिसायलाच नको होतं. आधी आयजीएम येतं, तेही चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास, आणि आयजीजी त्याच्याही नंतर. तुमच्याकडे आयजीजी पहिल्यापासून हजर आहे, कारण जुन्या स्मृतिपेशी लगेच कामाला लागल्या. (जपानी मेंदूज्वराची लस किंवा तसल्या जवळच्या विषाणूचा संसर्ग झाला असेल तरीही आयजीजी फसवं येऊ शकतं. पण तुमच्याकडे २०१९ चा पुरावाच आहे.)

बाकी क्लासनंतर लिहितो.

खवचट_खान्देशी
मास्तर ऐन मोक्यावर ब्रेक घेतात, मालिकेवाल्यांसारखे.

सुलभा_मावशी
पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट आणि गुळवेलीचा काढा. आमच्या बिल्डिंगमधे तिघांच्या प्लेटलेट दोन दिवसांत वर आल्या. शेवटी इम्युनिटी वाढवणं महत्त्वाचं.

राघूमैना
मावशी, डेंग्यूत सहाव्या-सातव्या दिवसानंतर प्लेटलेट आपसूकच वर यायला लागतात. त्याच सुमाराला रस दिला की श्रेय रसाला जातं. किवी खाऊ द्या की, फळच आहे. पण उलट्या होत असलेल्या माणसाला कडू रस पाजून आणखी उलट्या काढणं बरं नाही.

जंतूमास्तर
आलो. खान्देशी, दम धरा.

डास चावतो तेव्हा विषाणू थेट कातडीत उतरतो. तिथल्या पेशींना त्याची चाहूल लागली की त्या इंटरफेरॉन सोडतात, आजूबाजूच्या पेशी सावध होतात, ताप चढतो, अंग मोडून येतं. या पहिल्या फळीला कोण आलंय याच्याशी देणंघेणं नसतं, परका आहे एवढं पुरतं. नंतर बी-पेशी त्या विषाणूच्या मापाचे प्रतिपिंड बनवतात आणि टी-पेशी विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशी मारतात. हे काम सावकाश होतं, पण त्याची आठवण राहते.

खरी गोम प्रतिपिंडात आहे. तो इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरच्या दोन टोकांनी विषाणूला धरतो. खालचा दांडा मॅक्रोफेज वगैरे भक्षकपेशींवरच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतो, मग ती पेशी ते सगळं गिळते आणि आत आम्लात विरघळवते. बहुतेक जंतूंचा इथेच निकाल लागतो.

डेंग्यूला राहायलाच नेमक्या याच पेशी लागतात! शिवाय आतलं आम्ल त्याला मारत नाही, उलट त्या आम्लामुळेच त्याच्या वरच्या प्रथिनाचा आकार बदलतो आणि त्याला पेशीत उतरायला वाट मिळते. प्रतिपिंड अगदी मापाचे आणि भरपूर असतील तर ते विषाणूला सगळीकडून झाकून टाकतात, मग त्याला काही करता येत नाही. पण २०१९ चे प्रतिपिंड दुसऱ्या प्रकारासाठी बनलेले. ते चिकटतात, निकामी करत नाहीत. दांडा मात्र आपलं काम चोख करतो. झालं, विषाणूला घरपोच सेवा! जास्त पेशी बाधित, रक्तात जास्त विषाणू, जास्त एनएस१, त्यावर शरीराची जास्त आरडाओरड. या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातला पाण्याचा भाग बाहेर झिरपतो. जीव जातो तो बहुतेकदा या झिरपण्याने.

स्कॉट हालस्टेड यांनी १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये हे पहिल्यांदा हेरलं. गंभीर होणारी मुलं दोन गटांत पडत होती: दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली, आणि पहिल्याच वेळी झालेली पण वय वर्षभराच्या आतली. ही तान्ही मुलं कोड्यात टाकणारी होती. त्यांना पूर्वी डेंग्यू कुठून होणार? तर त्यांच्या अंगात आईचे प्रतिपिंड होते. पहिले काही महिने ते बाळाला राखतात, मग विरळ होत जातात, आणि सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास बाळाला राखण्याइतके उरत नाहीत, पण विषाणूला आत न्यायला पुरतात.

खवचट_खान्देशी
पटण्यासारखं आहे, पण हे सगळं टेस्टट्यूबमधलं तर नाही ना? माणसात सिद्ध कसं करणार? मुद्दाम दोनदा डेंग्यू तर देता येत नाही.

जंतूमास्तर
रास्त शंका, आणि पुष्कळ वर्षं हाच वाद चालला. मग क्युबात तो प्रयोग निसर्गानेच करून टाकला. १९७७ मध्ये तिथे डेन-१ ची साथ आली, फार नुकसान झालं नाही. १९८१ मध्ये डेन-२ आला आणि १५८ माणसं गेली, त्यातली १०१ मुलं. मग देशाने डास जवळपास संपवले, कित्येक वर्षं डेंग्यूच नाही. १९९७ मध्ये सँतियागो दे क्युबात पुन्हा डेन-२ आला. यावेळी गंभीर झाले ते मोठेच. मुलांना संसर्ग झाला, पण ती जन्मली त्यानंतर बेटावर डेंग्यूच नव्हता, त्यामुळे त्यांचा तो पहिलाच. वीस वर्षांपूर्वीच्या प्रतिपिंडांनी वीस वर्षांनी घात केला. मला विचाराल तर या विषयातला याहून बोलका पुरावा नाही.

पुढे निकाराग्वात आठ हजारांवर मुलांच्या रक्तातले प्रतिपिंड वर्षानुवर्षं मोजत गेले, ते २०१७ मध्ये छापून आलं. भरपूर प्रतिपिंड असलेली मुलं सुरक्षित, अजिबात नसलेल्यांनाही धोका कमी, आणि धड ना कमी धड ना जास्त अशा मधल्या पातळीवाल्यांना गंभीर डेंग्यू सर्वात जास्त. म्हणून 'इम्युनिटी वाढवा' हे ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, कुठली? सुलभामावशी, तुम्हाला उद्देशून नाही हो, जाहिरातवाल्यांना.

मुक्ता_नाशिक
मास्तर, पहिल्यांदा कुणीतरी समजेल असं सांगितलं. धन्यवाद! आज पाचवा दिवस. सकाळपासून ताप नाही! ९८.६. दोन घास वरणभातही खाल्ला. प्लेटलेट मात्र ७८ हजार, हिमॅटोक्रिट ४५. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आता सुटलो म्हणायचं ना?

डॉ_निवृत्त_कोकणे
ताई, मी फिजिशियन होतो, आता निवृत्त. साखर असू द्या, पण आजचा आणि उद्याचा दिवस सर्वात महत्त्वाचा. डेंग्यूत रक्तवाहिन्या झिरपायला लागतात त्या ताप उतरतानाच. साधारण २४ ते ४८ तास. घरचे याच वेळी निर्धास्त होतात.

प्लेटलेटपेक्षा मी तो दुसरा आकडा बघतोय. हिमॅटोक्रिट ४१ चा ४५ झालाय. रक्तातलं पाणी कमी होऊन रक्त घट्ट होतंय का, ते यावरून कळतं. २० टक्के वाढ गंभीर धरतात, तुम्ही तिथे नाही, पण दिशा वरची आहे. आजच डॉक्टरांना फोन करून दोन्ही आकडे सांगा. आणि या गोष्टी दिसल्या तर वाट न बघता थेट हॉस्पिटल, मध्यरात्र असली तरी: पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार आणि चिकट, सारखी तळमळ नाहीतर गुंगी, उठल्यावर चक्कर. लघवी किती वेळाने होतेय ते लिहून ठेवा. सहा तास झालीच नाही तर तेही कारण पुरेसं आहे.

रक्तस्राव नसेल तर ७८ हजारांना प्लेटलेट चढवायची गरज नसते. बाटल्यांच्या मागे धावू नका. आणि दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक जण नीट बरे होतात, हेही लक्षात ठेवा.

आर्या_मस्कत
मधेच विचारते. मग लस का नाही देत सरसकट? भारतात येताना मुलांना देऊन आणावी म्हणते.

जंतूमास्तर
याच भानगडीमुळे. फिलिपिन्सने २०१६ मध्ये डेंगवॅक्सिया ही लस शाळांमधून द्यायला सुरुवात केली, आठ लाखांवर मुलांना दिली. २०१७ च्या नोव्हेंबरात कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. अशा मुलांच्या बाबतीत लशीनेच पहिल्या डेंग्यूची जागा घेतली होती. लोकांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास उडाला, आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. चारही प्रकारांविरुद्ध सारखंच पक्कं संरक्षण एका लशीतून काढणं, हे खरं अवघड काम आहे. आपल्याकडे आयसीएमआरबरोबरची एका डोसाची लस २०२४ च्या ऑगस्टपासून तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत आहे, रोहतकला पहिल्या स्वयंसेवकाला दिली गेली. मुलांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पूर्वी डेंग्यू झालाय का ते आधी सांगून.

मुक्ता_नाशिक
डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच फोन केला. त्यांनी बोलावून घेतलं. रात्री हिमॅटोक्रिट ४७, बीपी थोडं खाली, म्हणून ॲडमिट करून सलाईन लावलं. प्लेटलेट ५२ पर्यंत गेल्या, रक्तस्राव कुठेच नव्हता, चढवल्या नाहीत. आज आठवा दिवस: हिमॅटोक्रिट ४२, प्लेटलेट ९६ हजार, तळहातांना लाल चट्टे आणि प्रचंड खाज. भूक परत आलीय, दवाखान्याच्या डब्याला नावं ठेवणं चालू आहे.

एकच राहिलं. तिसऱ्यांदा झाला तर याहून वाईट?

डॉ_निवृत्त_कोकणे
वा, छान बातमी. ती खाज बरं होतानाची आहे, दोन-चार दिवसांत जाते. डिस्चार्जनंतर आठवडाभर दगदग नको, थकवा जास्त दिवस रेंगाळतो.

जंतूमास्तर
तिसरा-चौथा सहसा सौम्य जातो. दोन वेगळ्या प्रकारांशी गाठ पडली की चारही प्रकारांत सारखे असलेले भाग ओळखणारे प्रतिपिंड चांगले वाढतात. पण तुमचे स्वतःचे आणि मुलांचे किती झालेत ते माहीत आहे का? कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आजच रिकाम्या करा, एडिस डास त्याच घरात दिवसाढवळ्या चावत फिरतो.

मुक्ता_नाशिक
माझा एकदाही नाही, धाकटीचा मागच्या वर्षी झाला. ताटल्या काढते लगेच. एकीत अळ्या निघाल्या तर फोटो टाकते, ओळखून द्या.