दुसरीचं पहिलं सत्र: आधी 'साठ सात, सदुसष्ट' की आधी पाढे?

कोरी_पाटी

यंदा शाळा उघडल्यावर दुसरीच्या पहिल्याच पालकसभेत आमच्या बाईंनी स्पष्ट सांगून टाकलं: दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाढे पाठ करून घेणार नाही. पहिलं सत्र दोन अंकी संख्यांचं. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, शंभर मण्यांची माळ, खेळातल्या नोटा, आणि प्रत्येक संख्या दोन्ही तऱ्हांनी म्हणायची, 'साठ सात, सदुसष्ट'. त्यानंतर हातच्याची बेरीज, उसन्याची वजाबाकी. पाढे दुसऱ्या सत्रात, तेही आधी माळेवर उड्या मारून तयार करायचे आणि मग म्हणायचे. सभेत बरेच पालक नाराज झाले. जिल्हा परिषदेची शाळा आहे म्हणून हे चालवून घेतात, खाजगीत मुलं एव्हाना दहापर्यंत पाढे म्हणतात, असा सूर होता.

मला बाईंचं म्हणणं पटलं, आणि का पटलं ते सांगते. शेजारची एक मुलगी माझ्या लेकीच्याच वर्गात आहे. बे ते दहा पाढे तिला कधीचे पाठ आहेत. तिने ४२ − १७ चं उत्तर ३५ लिहिलं होतं. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, चारातून एक काढला, झालं. बाईंनी वहीवर फुली मारली नाही. तिच्यापुढे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "यातल्या सतरा मला दे." पोर थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर काढला, सुट्ट्या बारा झाल्या, त्यातल्या सात आणि एक आख्खा गठ्ठा बाईंच्या हातात दिला. उरले दोन गठ्ठे आणि पाच काड्या. 'उसना घेतला' म्हणजे नक्की काय केलं, हे तिला त्या वेळी कळलं. हे कळायला पाढ्यांची काडीचीही मदत नव्हती.

संख्यावाचनाचा वाद जुना आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ सात' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. नेहमीची नावं काढलेली नाहीत, दोन्ही रीती दिल्या आहेत आणि जोडाक्षरांनी अडखळणाऱ्या मुलांची भीती त्यामुळे जाईल, ही बाजू त्यांनी ठामपणे मांडली. पण ते ऐकून घ्यायला फारसं कुणी तयार नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच: दुसरीच्या पहिल्या सत्राचं खरं काम दशक-एकक पक्कं करणं हे आहे, पाढे पाच महिने थांबू शकतात. शिकवणाऱ्यांनी आणि पालकांनी दोघांनीही लिहावं.

तात्या_पंढरपूर

ताई, तुमच्या बाई मेहनती दिसतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण निर्णय चुकीचा आहे.

सातव्या वर्षी मूल जे ऐकतं ते पाठ होतं. हेच वय पाढ्यांचं. आम्ही पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे म्हणायचो. पाव किलोचा, दीड किलोचा भाव काढायला आजही मला कागद लागत नाही. त्यातलं किती त्या वेळी 'समजलं' होतं? फार थोडं. समज नंतर आली, पण येईपर्यंत माल डोक्यात तयार होता.

पाढे नसलेल्या मुलाची खरी फजिती पाचवीत होते. भागाकाराला बसतं, बारा साते चौऱ्याऐंशी जिभेवर नसतं, मग बारा-बारा मिळवत बोटं मोजत राहतं आणि मूळ गणित विसरून जातं. नवोदयची प्रवेश परीक्षा पाचवीतच असते, तिथे वेळ कोण देणार?

आणि 'पाच महिने थांबू शकतात' म्हणजे काय? परिपाठात रोज एक पाढा म्हणायला तीन मिनिटं लागत नाहीत. काड्यांच्या गठ्ठ्यांना त्याने कुठे धक्का बसतो?

भीमाकाठ

मी अक्कलकोट तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये २५ म्हणजे 'इप्पत्तैदु', वीस आधी आणि पाच नंतर. ६७ म्हणजे 'अरवत्तेळु', साठ आणि मग सात. लिहिताना जो अंक आधी, बोलतानाही तोच आधी. हे मूल शाळेत येतं आणि मी म्हणते 'पंचवीस'. त्याला आधी पाच ऐकू येतो, ते आधी पाच लिहितं, मग दोन. पाटीवर ५२. मूल हुशार आहे, कानाने ऐकलं तसंच लिहिलंय. त्याला 'चुकलं' म्हणून काय सांगायचं?

बरं, हे कन्नड घरातल्याच मुलांचं असतं तर गोष्ट वेगळी होती. मराठी घरातली मुलंही तेच करतात. मोठ्या माणसांना सवयीने जाणवत नाही, पण एकदा सातच्या घरातली नावं सलग म्हणून बघा: सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव. सातचं रूप एकसारखं राहत नाही. त्यात 'एकोण'ची भर. एकोणचाळीस म्हटलं की मुलाला चाळीस ऐकू येतं आणि ते ४९ लिहितं. एकोणऐंशी, एकोणनव्वद करत ते नव्याण्णववर आलं की तिथे 'एकोण' गायब! म्हणजे नियम सापडला म्हणावं तर तोही मोडतो. नव्याण्णव नावं जवळजवळ सुटी सुटी पाठ करावी लागतात.

म्हणून मी जूनमध्ये दोन्ही म्हणून घेते. माळ हातात, सहा दशकं सरकवली, 'साठ', पुढचे सात मणी, 'सात', आणि लगेच 'सदुसष्ट'. तिन्ही एका दमात. साधारण नवरात्रापर्यंत बहुतेक मुलं पहिला भाग आपोआप टाकून देतात आणि थेट सदुसष्ट म्हणतात. एखादं अडलं तर हळूच 'साठ सात' पुटपुटतं आणि पुढे जातं. ही धरून चालायची काठी आहे, ती काढून घेण्याची घाई मला कळत नाही.

पेठेतलं_दुकान

काड्या, माळ, नोटा सगळं मान्य. 'साठ सात' मान्य नाही.

माझं किराण्याचं दुकान आहे. मुलं सामान घ्यायला येतात. "अडुसष्ट झाले बाळा" म्हटलं की सहावी-सातवीतलं पोरगं विचारतं, "काका, सिक्स्टी एट का?" सेमीवाली मुलं गणित इंग्रजीत शिकतात, त्यांच्या कानावर ही नावं पडतच नाहीत. इंग्रजी माध्यमाचं तर सोडाच. म्हणजे एकोणसाठ, त्र्याहत्तर, शहाऐंशी ही नावं सहज म्हणणारी मुलं आता फक्त पूर्ण मराठी माध्यमाच्या शाळांत उरली आहेत. तिथेही आपण म्हणायला लागलो की अडलं तर 'साठ आठ' म्हण, चालेल. तर पुढच्या पिढीत ही नावं कोण राखणार? बोलण्यातून एकदा गेलेली नावं परत येत नाहीत.

भीमाकाठ ताई म्हणतात मुलं नवरात्रापर्यंत सोडून देतात. तुमच्या वर्गात सोडत असतील, कारण तुम्ही मागे लागता. जिथे शिक्षक मागे लागत नाही तिथे मूल सोपं तेच धरून बसणार.

राइनकाठ

जर्मनीत राहतो, मुलगा इथल्या प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. इथेही आपल्यासारखंच: २५ म्हणजे 'पाच आणि वीस'. आणि इथलीही मुलं ५२ लिहितात. असे उलटे लिहिलेले आकडे इथल्या शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. बोखुम विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक लोथार गेरित्सेन यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये एक संस्था निघाली. जुन्या रीतीसोबत 'वीस एक' ही रीतही शाळेत चालावी, एवढीच तिची मागणी. तिलाही इथे भरपूर विरोध आहे.

नॉर्वेने हे सरकारी निर्णयानेच केलं. १९५१ मध्ये तिथे 'एक आणि वीस' बदलून 'वीस एक' आलं. मागणी टेलिफोन खात्याकडून आली होती, ऐकून नंबर लावताना चुका होत म्हणून. सत्तरहून जास्त वर्षं झाली, तरी जुनी रीत आजही कित्येक घरांत ऐकू येते. दुकानदार काका, सरकारने बदलूनही तिथे जुनी नावं मेली नाहीत. आपण तर बदलतही नाही आहोत, दोन्ही शेजारी ठेवतो आहोत.

तात्या_पंढरपूर

जर्मनीचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. 'पाच आणि वीस' म्हणत म्हणतच तिथे गाऊससारखा थोर गणिती झाला. आपल्याकडे 'अंकानां वामतो गतिः', म्हणजे अंक उजवीकडून डावीकडे जातात, असं जुनं वचन आहे. संस्कृतात पंचविंशति, आधी पाच आणि मग वीस. याच रीतीने आपल्या पूर्वजांनी मोठमोठी गणितं केली. नावांची रचना आड येत असती तर हे झालं नसतं.

कोरी_पाटी

तात्या, गाऊस कुठल्याही भाषेत गाऊसच झाला असता. मी बोलतेय ते भिंतीकडेच्या रांगेत बसणाऱ्या, आकडा चुकला की पाटी छातीशी धरून लपवणाऱ्या मुलाबद्दल. पहिली-दुसरीत तो एकदा मागे पडला की चौथीपर्यंत गणिताचं पुस्तक उघडायलाच घाबरतो.

दुकानदार काका, तुमची काळजी मला खरी वाटते. पण ही नावं जात आहेत ती इंग्रजीमुळे. ज्या मुलाला सदुसष्ट म्हणजे साठ आणि सात हे उमगलंय ते मराठी नाव जास्त घट्ट धरेल, असं मला वाटतं.

पेठेतलं_दुकान

वाटून काय उपयोग, ताई. तोंडी परीक्षेत फक्त सदुसष्टलाच गुण द्या, मग बोला.

जुना_केंद्रप्रमुख

काही गोष्टी नजरेआड होताहेत म्हणून लिहितो. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, ते मूळ वाचन-लेखन आणि मूळ गणितासाठीच. 'असर' या शिक्षणाच्या सर्वेक्षणाचे लोक घरोघरी जाऊन मुलांना जे विचारतात त्याचा क्रम पाहा: आधी १ ते ९ ओळख, मग ११ ते ९९, मग उसन्याची दोन अंकी वजाबाकी, मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. मूल अडकतं ते वजाबाकीच्या पायरीवर. शाळाभेटींत मी पंधराचा पाढा न थांबता म्हणणारी आणि ६१ − २८ ला हात टेकणारी पाचवीतली मुलं पाहिली आहेत. साहेब आले की पाढे म्हणून दाखवायचे, ही आपल्याकडे शाळा चांगली असल्याची खूण झाली होती. त्यात मीही अनेकदा खूश होऊन शेरा लिहिला आहे, कारण वर्ग जिवंत वाटायचा. खाली काय आहे ते पाहायला पाटीच हातात घ्यावी लागते.

त्यामुळे बाईंचा क्रम बरोबर आहे. पालकांनी पहिल्या सत्रात पाढे न विचारता मुलाला ३६ आणि ६३ काड्यांनी मांडून दाखवायला सांगावं.

दोन_खोल्यांची_शाळा

हे सगळं एका वर्गाला एक शिक्षक असेल तिथलं बोलणं चाललंय. आमची द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. पहिलीला अक्षरं शिकवताना दुसरी काय करणार? पाढे ही एकच गोष्ट अशी, की एक मूल सांगतं आणि बाकीची मागून म्हणतात, मी नसले तरी चालतं. गठ्ठे द्यावेत तर शेजारी बसून बघावं लागतं, नाहीतर काड्यांच्या तलवारी होतात. घोकंपट्टी म्हणून नावं ठेवणं सोपं आहे. आमच्यासारख्या शाळांत पाढ्यांनी वर्ग सांभाळला आहे. सर एखाद्या दिवशी बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. त्या दिवशी काड्या कोण मोजणार?

भीमाकाठ

तुमची अडचण मी भोगली आहे, चार वर्षं मीही द्विशिक्षकीत होते. मी तेव्हा माळ भिंतीवर दोन खिळ्यांना आडवी बांधली होती, मुलांच्या खांद्याच्या उंचीवर, दहा लाल दहा पांढरे असे मणी ओवून. जोडीतल्या एकाने संख्या सांगायची, दुसऱ्याने तिथे कपड्याचा चिमटा लावायचा, पहिल्याने तपासायचं. चिमटा एकाच ठिकाणी बसतो, त्यामुळे बरोबर की चूक हे मुलांचं मुलांना दिसतं, मी पहिलीजवळ असले तरी. पाचचा पाढाही तिथेच होतो, दर पाचव्या मण्यावर चिमटा. काड्या मात्र फक्त मी समोर असतानाच काढायचे, हे तुम्ही म्हणता ते खरं आहे.

चार वर्ग अंगावर आले तर माझ्याकडेही उत्तर नाही. ते शिक्षकभरतीचं दुखणं आहे.

तात्या_पंढरपूर

चिमट्याची युक्ती चांगली आहे, करून बघेन. बाकी माझं मत कायम आहे. नातू यंदा दुसरीत गेलाय. शाळेने काड्या मोजाव्यात, घरी शुभंकरोतीनंतर परवचा होणार आणि त्यात पाढे असणार. दिवाळीची वाट मी बघणार नाही.

कोरी_पाटी

जरूर घ्या तात्या, घरच्या परवच्याला कुणाचा विरोध असेल? फक्त एक विनंती. सात सक अडलं तर त्याला 'सात एके सात'पासून परत म्हणायला लावू नका. 'सात पंचे पस्तीस, त्यात आणखी सात किती?' असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.