उपदेशाची टिपणे पाच ठिकाणी विखुरली आहेत, लावणी कशी करावी?

वचनसेवक_नगर
सर्वांना सलाम. आमच्या मंडळीत महिन्यातून दोन रविवार उपदेश आणि दर बुधवारची घरसभा माझ्याकडे असते. टिपणे बायबलच्या समासात, वह्यांत, फोनच्या नोट्समध्ये, स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पीडीएफमध्ये पिवळी करून ठेवलेली. विश्वास, प्रार्थना, क्षमा असे फोल्डर केले, पण 'विश्वास' इतका फुगलाय की उघडवत नाही. लूक १५ वर वाचलेलं शनिवारी रात्री हाती लागत नाही. कागद बरा की फोन?

समासातली_टीप
सलाम बंधू. कागद की फोन हे नंतर बघू, आधी क्रम ठरवा. मुख्य लावणी वचनाप्रमाणे करा, विषयांची नुसती सूची ठेवा. वचनाची जागा कायम असते. विषयाचं नाव मात्र आज 'क्षमा' सुचतं, उद्या 'कृपा', परवा 'पश्चात्ताप', मग तेच टिपण तीन ठिकाणी शोधत बसावं लागतं.

पुस्तकांना ०१ उत्पत्ती ते ६६ प्रकटीकरण असे क्रमांक द्या. स्तोत्रसंहिता १९, लूक ४२, रोमकरांस पत्र ४५. अध्याय आणि वचन तीन-तीन आकडी लिहा, कारण स्तोत्रे १५० आहेत आणि ११९ व्या स्तोत्रात १७६ वचने आहेत. पुढची शून्ये गाळली तर बऱ्याच ठिकाणी १० हा २ च्या आधी लागतो. पुस्तकाच्या नावाने लावाल तर पाचवं पुस्तक 'अनुवाद' पहिल्या 'उत्पत्ती'च्या वर जाऊन बसेल.

एका टिपणात एकच विचार, तोही पूर्ण वाक्यात. उदाहरणार्थ:

४२-०१५-०२० (लूक १५:२०, उधळ्या पुत्राचा दाखला)
मुलगा जे बोलायचं ठरवतो (व. १८-१९) त्यातलं 'मोलकऱ्याप्रमाणे ठेवा' हे शेवटचं मागणं व. २१ मध्ये येत नाही. त्याआधीच बाप धावत येऊन गळ्यात पडलेला असतो. (काही जुन्या हस्तलिखितांत ते २१ मध्येही आहे.)
स्रोत: पुस्तक, पान. वापर: तारीख, मंडळी.

स्रोत त्याच क्षणी लिहा. दुसऱ्याचे शब्द असतील तर अवतरणचिन्हांत, आपला विचार असेल तर समोर 'स्वतः'. हे राहिलं की वर्षभरानंतर लेखकाचं वाक्य आपलंच वाटू लागतं आणि व्यासपीठावरून तसंच बोललं जातं. 'वापर'ची ओळही तितकीच महत्त्वाची, नाहीतर त्याच मंडळीला तोच दाखला पुन्हा ऐकावा लागतो.

युनिकोडवाला
फोन वापरणार असाल तर फाईलच्या नावात आकडे एकाच लिपीचे ठेवा. पुष्कळ अ‍ॅपमध्ये मराठी १५ शोधला तर इंग्रजी आकड्यांतला पंधरा सापडत नाही. शुद्धलेखनाचंही तेच: एकदा 'पुनरुत्थान' आणि एकदा 'पुनरूत्थान' लिहिलं की शोधात अर्धी टिपणे गळतात. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधले जुने उपदेश असतील तर ते रूपांतर केल्याशिवाय शोधात येणारच नाहीत. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला, बिघाड बहुधा तिथेच होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर टिपून ठेवायला हरकत नाही, पण ते कोठार नव्हे. दर सोमवारी तिथलं रिकामं करा.

वसईकर
जय ख्रिस्त. स्तोत्रांच्या क्रमांकात एक खोच आहे. लॅटिन परंपरेतल्या जुन्या कॅथलिक पुस्तकांत २३ वं स्तोत्र २२ वं असतं. काही आवृत्त्या शीर्षकही वचनांत मोजतात, त्यामुळे ५१:१ तिथे ५१:३ होतं. आपल्या बायबलचा क्रमांक मुख्य धरा, दुसरा बाजूला लिहा.

ज्यांची वाचने तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, त्यांनी टिपणावर वर्षही घालावं. सालाला ३ ने पूर्ण भाग गेला तर क (त्या वर्षी मुख्यतः लूकचं शुभवर्तमान), बाकी १ तर अ (मत्तय), २ तर ब (मार्क). नवं वर्ष आधीच्या सालातल्या आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या आठवड्यांपासून) सुरू होतं. उधळ्या पुत्राचा उतारा क वर्षी लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) चौथ्या रविवारी येतो, म्हणजे पुढे २०२८ मध्ये.

कार्डे वापरणार असाल तर ३×५ इंची जाड घ्या आणि बॉलपेननेच लिहा. आमच्याकडच्या पावसात जेलची शाई फुटते.

वचनसेवक_नगर
फार उपयोग झाला, आभार. जुनं सगळं उतरवून काढायचं का? आणि घरभेटीत कळलेल्या गोष्टी?

समासातली_टीप
सगळं उतरवू नका, दमून सोडून द्याल. येत्या दोन महिन्यांचे उतारे ठरवा आणि फक्त त्यांचीच टिपणे नव्या क्रमात आणा. बाकीच्या वह्यांना क, ख, ग अशी नावं देऊन पानांना आकडे घाला. सूचीत 'ख ४७' एवढं लिहिलं तरी पुरतं.

घरभेटीतलं मात्र या साठ्यात अजिबात नको. त्याची वही वेगळी, कुलपात. आजार, भांडण, कर्ज यांतलं काही दाखला म्हणून घ्यावंसं वाटलं तर आधी त्या घराची परवानगी घ्या. छोट्या मंडळीत नाव गाळूनही माणूस ओळखू येतो. उपदेशाचा फोल्डर तरुण संघाबरोबर शेअर केलेला असेल तर आजच तपासा, त्यात असलं काही पडून नाही ना.