मदत हवी आहे: चित्रकार मामांच्या स्लाइड, फॅक्स आणि कॅसेटींचे डिजिटायझेशन

नमस्कार.

माझे मामा चित्रकार होते. वीसेक वर्षे कॅनव्हासवर काम केल्यानंतर १९९३पासून ते जवळजवळ पूर्णपणे मांडणशिल्पांकडे (इन्स्टॉलेशन, म्हणजे प्रदर्शनाच्या जागेत वस्तू मांडून केलेली कलाकृती) वळले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची चित्रे कोणाच्या ना कोणाच्या भिंतीवर आहेत. मांडणशिल्पे मात्र प्रदर्शन संपताच मोडली जात आणि त्यांतले सामान कधी भंगारात, तर कधी पुढच्या कामात जाई. त्यामुळे मामींच्या ठाण्याच्या घरी गोदरेजच्या कपाटात जे उरले आहे, तेवढाच त्या कामांचा पुरावा आहे: ३५ मिमीच्या सुमारे १,१०० स्लाइड (चौकटीत बसवलेले फिल्मचे पारदर्शक तुकडे), कच्ची रेखाटने, सुताराची आणि इलेक्ट्रिशियनची बिले, क्युरेटरांशी (प्रदर्शन आखणाऱ्यांशी) फॅक्सवर झालेला पत्रव्यवहार, १४ व्हीएचएस कॅसेटी आणि ९ मिनी-डीव्ही (डिजिटल व्हिडिओच्या छोट्या) टेप. (बिले टाकून द्यावीत असे घरातल्या काहींचे मत आहे. कोणत्या कामात किती वॅटचे किती दिवे होते, हे मात्र फक्त त्यांतूनच कळते.)

एक चूक करून झाली आहे, ती आधीच सांगतो. गेल्या हिवाळ्यात २०० स्लाइड एका लॅबला दिल्या. परत आल्या त्या लहान जेपेग फाइली, आणि रंग सॉफ्टवेअरने परस्पर ‘सुधारलेले’. एका कामात मामांनी मुद्दाम ठेवलेला बल्बचा पिवळा उजेड त्यात पार पांढरा झाला. त्याहून वाईट म्हणजे सहा पाकिटांतल्या स्लाइड एकमेकींत मिसळल्या. जागा, तारीख, क्वचित ‘मांडणीच्या आदल्या रात्री’ अशी नोंद मामांनी पाकिटांवर केली होती. स्लाइडच्या चौकटींवर काहीच लिहिलेले नाही.

आता एका मित्राचा फिल्म स्कॅनर मिळाला आहे. ४,००० डीपीआय (दर इंचाला ४,००० बिंदू) आणि दर रंगाला १६ बिट धरल्यास एका स्लाइडची टिफ फाइल सुमारे १२८ एमबीची होते, म्हणजे सगळा संग्रह दीडशे जीबीच्या आत बसतो. १९९३पूर्वीच्या बऱ्याच स्लाइड कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) आहेत आणि त्यांवर स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई नीट चालत नाही, म्हणून ती बंद ठेवून धूळ हाताने दाबायच्या रबरी फुग्याने उडवतो आहे.

कामाचा क्रम मात्र ठरत नाही. फॅक्स थर्मल कागदावरचे आहेत, म्हणजे उष्णतेने उमटलेली त्यांची अक्षरे काळाबरोबर फिकट होतात. काहींची अक्षरे आताच तिरप्या उजेडात धरल्याशिवाय वाचता येत नाहीत, त्यामुळे स्लाइड बाजूला ठेवून ते आधी घ्यावेत असे मला वाटते. दुसरीकडे दोन व्हीएचएस कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसते आणि नवे व्हीसीआर बनणे तर २०१६मध्येच थांबले. मिनी-डीव्हीतला डेटा फायरवायरने (कॅमेरा संगणकाला जोडायच्या केबलने) जसाच्या तसा उतरवता येतो; बुरशी आलेली व्हीएचएस घरच्या व्हीसीआरमध्ये घालण्याचे धाडस करावे का?

दुसरा प्रश्न हक्कांचा. पत्राचा कागद आपला असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या मृत्यूनंतरही अनेक वर्षे टिकतो, एवढे मला समजले आहे. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या कलाविषयक दस्तऐवज जपणाऱ्या संस्थेने कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम् यांचा संग्रह डिजिटल करून ऑनलाइन खुला केला आहे. तो पाहिल्यावर मामांचा पत्रव्यवहारही अभ्यासकांना वाचता यावा असे मामींना वाटू लागले. पत्र लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांचा पत्ता आता लागत नाही. अशा वेळी नुसती सूची प्रसिद्ध करून मजकूर मागणीनुसार दाखवणे, हा मार्ग कोणी वापरला आहे का?

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या २०० स्लाइडचा मूळ क्रम परत कसा लावावा? फिल्मच्या कडेला छापलेले फ्रेमचे आकडे चौकटीखाली झाकलेले असतात. प्लास्टिकच्या चौकटी उघडून ते वाचले तर निदान एका रोलमधल्या स्लाइड एकत्र आणता येतील, पण ३० वर्षांच्या जुन्या चौकटी उघडताना फिल्मला ओरखडा जाण्याची भीती वाटते. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे. तोवर एकही चौकट उघडणार नाही.