‘बात्तालिओने कार्री’ मराठीत कसं लिहावं?

बोरूबहाद्दर: ‘८ बात्तालिओने कार्री एम. ओ. सेक्किआरोली’ हे इटालियन पथकाचं नाव मराठीत कसं आणावं? ‘कार्री’ म्हणजे गाड्या, मग ‘वाहन बटालियन’ चालेल का? आणि एम. ओ. ही आद्याक्षरंच ना?

गाडाभर: दोन्ही नाही. ‘कार्री’ हे ‘कार्रो’चं अनेकवचन आणि ‘कार्रो’ हा ‘कार्रो आर्मातो’चा संक्षेप. शब्दशः शस्त्रसज्ज गाडा. आपला ‘रणगाडा’ही त्याच वाटेने घडलाय, तेव्हा सरळ ‘रणगाडा बटालियन’ लिहा. एम. ओ. म्हणजे ‘मेदाल्या दोरो’, सुवर्णपदक. १९७५च्या पुनर्रचनेत रेजिमेंटी मोडून बटालियन स्वतंत्र केल्या, तेव्हा रणगाडा बटालियनना लष्करी शौर्याचं सुवर्णपदक मिळालेल्यांची नावं दिली. गालास, पास्सालाक्वा, बुतेरा, सगळ्यांच्या आधी तेच एम. ओ. आद्याक्षरं असती तर इतके जुळे कुठून आले असते? ‘सुवर्णपदकप्राप्त सेक्किआरोली’ असं फोडून लिहा.

चिलखत: ‘बटालियन’ ठेवा, पण तळटीप हवीच. भारतीय चिलखती दलात ‘रेजिमेंट’ म्हणजे साधारण ४५ रणगाडे: १४-१४च्या तीन स्क्वाड्रन, वर मुख्यालयाचे ३. १९७५नंतरच्या इटालियन बटालियनमध्ये १६-१६ रणगाड्यांच्या तीन कंपन्या. म्हणजे आपली रेजिमेंट आणि त्यांची बटालियन एकाच मापाची. युद्धकाळातल्या इटालियन रेजिमेंटमध्ये मात्र अशा अनेक बटालियन असत. २७ मे १९४२ रोजी लिबियात बीर हकेमजवळ इटलीच्या आरिएते या चिलखती डिव्हिजनच्या रणगाड्यांनी ३ऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडला तुडवलं. त्या ब्रिगेडमधल्या २ लान्सर्स, ११ कॅव्हलरी, १८ कॅव्हलरी या ‘रेजिमेंटी’, आणि समोर १३२व्या रणगाडा ‘रेजिमेंट’च्या बटालियन. तळटीप नसेल तर वाचकाला एकास एक रेजिमेंट भिडली असं वाटेल.

बोरूबहाद्दर: मग ‘एम१३/४०’ या इटालियन रणगाड्याच्या नावातलं ४० हे तोफेचं माप का?

गाडाभर: इथेच बहुतेक भाषांतरं घसरतात. रणगाड्याच्या नावात एम म्हणजे ‘मेदिओ’, मध्यम. १३ हे टन आणि ४० हे साल. एल३/३५ म्हणजे हलका, ३ टनी, १९३५चा. पण त्याच एम१३/४०वरच्या तोफेचं नाव ४७/३२, आणि तिथे साल नाही: नळीचा व्यास ४७ मिमी, लांबी व्यासाच्या ३२ पट, म्हणजे सुमारे दीड मीटर. तिरपी रेघ एकच, अर्थ दोन. शिवाय एम१४/४१ या नावावरून नवाच रणगाडा वाटतो. प्रत्यक्षात सांगाडा जवळपास तोच, इंजिन १२५ ऐवजी १४५ अश्वशक्तीचं आणि वाळवंटी धुळीसाठी हवेची चाळणी सुधारलेली.

चिलखत: ‘सेमोव्हेंते ७५/१८’ला ‘स्वयंचलित तोफ’ म्हणू नका. तसं लिहिलं की वाचक आपोआप गोळे झाडणारी तोफ समजतो. ‘रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेली तोफ’ लांबलचक आहे, पण चूक नाही. तिला फिरता बुरूज नाही. तोफ थोडीच डावी-उजवीकडे वळते, त्यापलीकडे नेम धरायचा तर सगळं धूडच वळवावं लागतं.

बोरूबहाद्दर: ‘कार्रिस्ता’ला रणगाडाचालक?

गाडाभर: चालक चौघांतला एकच. एम१३/४०मध्ये पुढे चालक आणि मशीनगनवाला, बुरुजात कमांडर आणि गोळा भरणारा. नेम धरून तोफ डागायचं कामही कमांडरच्याच गळ्यात, त्यामुळे आजूबाजूला बघायला त्याला फुरसतच नसे. चिलखताचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेले. बाहेरून जोराचा मार बसला की रिव्हेटची डोकी तुटून आत उडायची. ती या चौघांनाही लागायची, आणि मजकुरात कार्रिस्ता म्हटलंय ते चौघांनाही. ‘रणगाडा-सैनिक’ बरा. ‘चालक’ फक्त ‘पिलोता’ आला तिथे.