दूध पाजणारी कुत्री आणि पिल्ले : पिसवांवर सुरक्षित उपाय सुचवावा

प्रश्न (कोथरूड) :
आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्यालेल्या कुत्रीची पिल्ले आता तीन आठवड्यांची झाली असून, पाऊस सुरू झाल्यापासून तिच्या शेपटीच्या बुडाशी आणि पिल्लांच्या पोटावर पिसवा सर्रास दिसू लागल्या आहेत. शेजारचे काका खोबरेल तेलात कापूर घालून चोळायला सांगतात, तर दुकानदाराने गोचिडांवरचे, पाण्यात मिसळून लावायचे अमिट्राझ पुढे केले. पिल्ले अजून अंगावर पितात, तेव्हा यांपैकी काय चालेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ :
दोन्ही नकोत. आई पिल्लांना सतत चाटते आणि पिल्ले तिच्या अंगाला तोंड लावतात, त्यामुळे वरून चोळलेले पोटात जातेच. कापराने झटके येऊ शकतात आणि अमिट्राझ इतक्या लहान पिल्लांसाठी नाही. या वयात उवांची बारीक दातांची फणी सर्वांत भरवशाची. मान आणि शेपटीकडून सुरुवात करून दर दोन-चार ओढींनंतर ती साबणाच्या पाण्यात बुडवावी, कारण साध्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडून जाते. फणीत आलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवल्यास तांबूस डाग पसरतो; ते पचलेले रक्त असते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर मात्र फणी बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठावे, कारण एवढ्याशा जिवाला पिसवांमुळे होणारा रक्तक्षय प्राणघातक ठरू शकतो. अंघोळ शक्यतो टाळावी, पिल्ले लगेच गारठतात.

उत्तर २ :
आईसाठी सेलामेक्टिनबद्दल पशुवैद्यकांना विचारावे. मानेमागे कातडीवर सोडायचे हे औषध दूध पाजणाऱ्या कुत्रीलाही चालते; मात्रा वजनावर ठरते आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत पिल्ले दूर ठेवावी लागतात. पिल्लांना ते सहा आठवड्यांनंतरच. परंतु अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात व फरशीच्या फटींत असतात, आणि आपल्याकडची पावसाळी दमट हवा त्यांना मानवते. म्हणून गोणपाट काढून जुनी सुती चादर घालावी, ती दोन-तीन दिवसांनी कढत पाण्यात धुवावी, आणि ऊन नसेल तर दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री फिरवावी. पिल्लांच्या जागी फिनेल नको (सफाई कामगारांना हे आवर्जून सांगावे लागते). पार्किंगमध्ये मांजरे असतील, तर पर्मेथ्रिन असलेला फवाराही नको, मांजरांना ते विषारी आहे.

उत्तर १ :
एक राहिले. पिसू गिळल्याने पट्टकृमी होतात, तेव्हा जंताच्या औषधाचेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.