दादाला बॅरेट निघालं. पाळी गेल्यावर मलाही धोका वाढतो का?

धायरीकर
माझा थोरला भाऊ ५६ वर्षांचा. मार्केट यार्डात भाजीचा गाळा आहे. पहाटे घर सोडायचं, दुपारचं जेवण मिळेल तेव्हा, रात्री भरपेट जेवून लगेच आडवं व्हायचं. छातीत जळजळ कायमचीच. आता दुर्बिणीतून तपासलं तर रिपोर्टवर ‘बॅरेट्स इसोफॅगस’ आलंय. आज कॅन्सर नाही, पुढे अन्ननलिकेचा होऊ शकतो, गोळ्या चालू ठेवा, एवढंच सांगितलं.

पित्ताचा त्रास मलाही आहे. मी ५१ ची, पाळी नुकतीच गेली. हा कॅन्सर बायकांना इस्ट्रोजेनमुळे कमी होतो असं वाचलं. म्हणजे आता माझं कवच गेलं का? मैत्रीण अंगातून वाफा येतात म्हणून हार्मोनच्या गोळ्या घेते. मीही घ्याव्यात का? आई म्हणते, दाह आहे तर हळदीचं दूध घ्या. खरंच कुणाला माहिती असेल तर सांगा.

स्लाइडवाली
ताई, मी पुण्यातच पॅथॉलॉजिस्ट आहे. दुर्बिणीतून काढलेले असे तुकडे (बायोप्सी) माझ्या टेबलावर नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोटातलं आम्ल आणि पित्तरस वर्षानुवर्षं वर येत राहिला की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदलतं आणि तिथे आतड्यातल्यासारख्या पेशी येतात. यालाच बॅरेट म्हणतात. दुर्बिणीत फिकट गुलाबी अस्तरावर लालसर जिभा वर चढलेल्या दिसतात. तुकड्यावर मी अल्शियन ब्लू रंग टाकला की श्लेष्म्याने टम्म फुगलेल्या गॉब्लेट पेशी निळ्याशार उठून दिसतात. अन्ननलिकेत त्यांचं काहीच काम नसतं. लंडनचे सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी १९५० मध्ये याविषयी लिहिलं, म्हणून त्यांचं नाव. बॅरेट असलेल्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही, हे दादांना आधी सांगा.

आता दाह. आम्ल वरून भाजतं असं आपण धरून चालतो. २०१६ मध्ये टेक्ससच्या डॉक्टरांनी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी बरे झालेल्या काही रुग्णांच्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवून तुकडे तपासले. वरचा थर शाबूत होता आणि आत लिम्फोसाइट (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) गोळा झालेल्या होत्या. म्हणजे आम्ल-पित्त लागलं की अस्तराच्या पेशीच दाहाचे निरोप धाडतात आणि इजा आतून सुरू होते. हे वर्षानुवर्षं चाललं की पेशी सारख्या मरतात, सारख्या नव्याने होतात, आणि त्यात जनुकांत चुका साचतात. त्यात पोटाचा घेर भर घालतो. आतड्याभोवतीची चरबी इंटरल्यूकिन-६ आणि लेप्टिन ही दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडते, इन्सुलिनही वाढलेलं राहतं. शिवाय पोटावरचा दाब वाढून आम्ल वर ढकललं जातं ते वेगळंच. म्हणून मी वजनापेक्षा कमरेचं माप विचारते.

हार्मोनचं कोडं खरं आहे. जळजळ बायका-पुरुषांत साधारण सारखीच, पण बॅरेटमधून होणारा कॅन्सर, म्हणजे अ‍ॅडिनोकार्सिनोमा, अमेरिकेत पुरुषांत बायकांच्या सहापटीहून जास्त. पाळी गेल्यानंतर बायकांचं प्रमाण हळूहळू वाढतं आणि उतारवयात हे अंतर कमी होत जातं. स्तनपान केलेल्या बायकांत धोका कमी दिसला आहे. उंदरांवरच्या एका जपानी प्रयोगात आम्लाची इजा नरांत जास्त झाली, आणि इस्ट्रोजेन दिल्यावर कमी झाली.

पण प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी इस्ट्रोजेन दिलेल्या पुरुषांत तसा फायदा स्पष्ट दिसला नाही. हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत काही पाहण्यांमध्ये हा कॅन्सर कमी आढळला, पण त्याच गोळ्यांनी जळजळ वाढल्याचंही आढळलं आहे, कारण अन्ननलिकेच्या खालची झडप इस्ट्रोजेनने सैलावते. वाफांसाठी घ्यायच्या तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून जरूर घ्या. अन्ननलिका वाचवायला म्हणून घेऊ नका. मुळात बाईमध्ये हा आकडा इतका लहान असतो की पाळी गेल्यावर वाढला तरी लहानच राहतो.

हळदीचं दूध आवडत असेल तर प्या, पण झोपायच्या तोंडावर नको. त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करायच्या नाहीत.

सासवडरोड
माझं थोडं वेगळं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या सासूबाई आयुष्यभर मिश्री लावायच्या. आधी भाकरी अडकायला लागली, मग त्या भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या, मग फक्त पेज. जवळचे डॉक्टर कितीतरी महिने पित्ताच्याच गोळ्या देत राहिले. दुर्बीण घातली तेव्हा अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ होती. हार्मोनने त्यांना वाचवलं नाही. घरातल्या बाईने ताटात भाकरी ठेवून पेज मागितली तर कृपा करून विचारा, का?

स्लाइडवाली
हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सासूबाईंचा बहुधा दुसरा प्रकार असावा, स्क्वॅमस, म्हणजे अन्ननलिकेच्या मूळच्याच अस्तरातून होणारा. आपल्या देशात तोच जास्त. तो मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी, दारू यांच्याशी जोडलेला आहे, आणि गावाकडे बायकांच्या हाती मिश्रीची डबी असतेच. ६५ अंशांच्या वरचं कढत पेयही ‘बहुधा कर्ककारक’ असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. अमृततुल्यचा चहा जरूर प्या, पण कपातली वाफ ओसरू द्या.

घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, काळी शी होणं, यातलं काहीही असेल तर आणखी एक पट्टी गोळ्या घेत बसू नका. थेट दुर्बीण.

धायरीकर
ताई, खूप आधार वाटला. घास कुणालाच अडकत नाही. दादाच्या रिपोर्टवर ‘सी१ एम२, डिसप्लेसिया नाही’ असं आहे. कुठेतरी वाचलं की अ‍ॅस्पिरिननेही दाह कमी होतो. द्यावी का?

स्लाइडवाली
सी१ एम२ म्हणजे बदल अन्ननलिकेच्या पूर्ण गोलाईत १ सेंटिमीटर उंचीपर्यंत आणि सर्वांत लांब जीभ २ सेंटिमीटर. लहान आहे. डिसप्लेसिया, म्हणजे कॅन्सरच्या दिशेने बिघडलेल्या पेशी, नसेल तर साधारण ३ ते ५ वर्षांनी पुन्हा दुर्बीण. तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

अ‍ॅस्पिरिनवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, २,५०० हून जास्त बॅरेटचे रुग्ण, निकाल २०१८ ला आला. आम्ल कमी करणारी गोळी मोठ्या मात्रेत आणि सोबत अ‍ॅस्पिरिन, या जोडीचा निकाल सर्वांत चांगला होता. पण अ‍ॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. बीपी, अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे सगळं पाहून पोटाचे डॉक्टरच ठरवतील. मनाने सुरू करू नका.

तंबाखू खातात का ते दादा? गाळ्यावरचं बहुतेकांचं तेच असतं. खात असतील तर तेही लिहा.